नाट्यमंडळाच्या निधीसाठी कार्यक्रम करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जुलैत नाट्यमंडळाची नवी मंडळी ठरली की आठवडाभरात फोन येतो. "दादा, यंदा आम्ही फंडासाठी एक नाइट करतोय. सांग ना, काय काय लागतं?" मग मी तासभर बोलतो, समोरचा निम्मं लिहून घेतो आणि पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी तेच विचारतं. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या नाट्यमंडळात होतो. तिथल्या तीन कार्यक्रमांचा हिशेब माझ्याकडे होता. पहिल्यात खिशातले गेले, दुसरा बरोबरीत सुटला, तिसऱ्यात पैसे उरले. कलाकार तिन्ही वर्षी साधारण सारख्याच ताकदीचे होते. फरक पडला तो पडदा उघडण्याआधीच्या दीड महिन्यात.

सुरुवात कुठून करायची? कार्यक्रमात काय असेल ते आधी ठरवायचं का?

नाही, आधी आकडा ठरवा. "नाट्यमंडळासाठी निधी" एवढंच म्हटलं तर देणाऱ्याचा हात खिशापर्यंत जात नाही. "पुढच्या वर्षी पुरुषोत्तमला एकांकिका न्यायची आहे, तालमीची जागा, कपडे, नेपथ्याचं लाकूड आणि टेम्पो धरून वीस हजार लागतात" असं सांगितलं की पुढचं बोलणं सुरू होतं. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. त्यामुळे पुण्यात तुम्ही ज्या दुकानात पावतीपुस्तक घेऊन जाल तिथले काका स्वतःच कधीकाळी भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभे राहिलेले असण्याची बरीच शक्यता असते. निदान प्रेक्षकांत बसून घसा बसेपर्यंत ओरडलेले तरी असतातच.

साहाय्यार्थ प्रयोग आपल्याकडे नवे नाहीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले, म्हणजे एकमेकांच्या स्पर्धेतल्या दोन नाटक कंपन्यांचे आघाडीचे नट, स्वातंत्र्यचळवळीसाठीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर आले. 'मानापमान' नाटकाचा तो प्रयोग म्हणजेच 'संयुक्त मानापमान'. पुढे डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि मंडळींनी सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. दोन्ही वेळा नावं मोठी होती हे खरंच, पण तिकीट काढणाऱ्याला आपला पैसा कुठे जाणार हेही पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे मोठी नावं नाहीत, तेव्हा निदान दुसरी गोष्ट तरी असू द्या.

खरंच किती पैसे उरतात?

सगळ्यात आधी विचारायला हवा तो हा प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी विचारला जातो. एक नमुना हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

समजा मंडळात तीस जण आहेत आणि प्रत्येकाने आठ तिकिटं खपवली. २४० तिकिटं, प्रत्येकी १५० रुपये, म्हणजे ३६,००० रुपये. स्मरणिकेत बारा जाहिराती, सरासरी १,५०० रुपयांच्या, त्याचे १८,०००. मध्यंतरातल्या चहा-वड्याचे सुटलेले २,०००. एकूण जमा ५६,०००.

आता खर्च. हॉलचं भाडं १२,०००. ध्वनी आणि प्रकाश ९,०००. भाड्याचे कपडे आणि रंगभूषा ४,०००. तिकिटं, पोस्टर आणि स्मरणिकेची छपाई ४,५००. कलाकारांचा नाश्ता ३,५००. रिक्षा, हार, नारळ, सेलोटेप आणि ऐन वेळी आणायला पळावं लागणाऱ्या सगळ्या वस्तू मिळून २,०००. एकूण ३५,०००. हातात राहिले २१,०००.

आता यातली स्मरणिका काढून टाका. जमा १८,००० ने घटली, छपाईचे ३,५०० वाचले. हातात राहिले फक्त ६,५००. म्हणजे दीड महिना तीस जणांनी घाम गाळून माणशी दोनशे सतरा रुपये. एवढ्यासाठी प्रत्येकाने घरून वर्गणी आणली असती तरी भागलं असतं. म्हणून मी सारखं सांगतो की पैसा तिकिटाच्या खिडकीवर मिळत नाही. तो जाहिरातींतून येतो आणि खर्चाच्या रकान्यात वाचतो. खिडकीवर ऐन वेळी येऊन तिकीट काढणारा अनोळखी प्रेक्षक विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला जवळपास नसतोच. आमच्या पहिल्या वर्षी त्याच्या भरवशावर आम्ही शंभर तिकिटं राखून ठेवली होती. नऊ गेली.

तारीख कोणती धरावी?

मी डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा सुचवीन. सत्रपरीक्षा बहुतेक आटोपलेल्या असतात, हवा छान असते आणि आलेले पैसे पुढच्या पावसाळ्यातल्या स्पर्धांना हाताशी राहतात. जुलैत केलं तर नवी मुलं अजून एकमेकांची नावंच शिकत असतात. गणपती-नवरात्रात दुकानदार वर्गणीने आधीच पिळलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्या घरात दहावी-बारावी आहे तिथलं कोणी येत नाही.

शनिवार-रविवारचा हट्ट सोडा. चांगल्या नाट्यगृहांच्या त्या तारखा व्यावसायिक नाटकांनी आधीच घेतलेल्या असतात. शुक्रवारी संध्याकाळचं सत्र मिळालं तर डोळे झाकून घ्या. आणि भारताचा क्रिकेट सामना आहे का ते पाहा. हसू नका, आम्ही पाहिलं नव्हतं.

नाट्यगृह घ्यावं की कॉलेजचाच हॉल?

कॉलेजच्या हॉलला भाडं नाही किंवा नावापुरतं असतं, तालमी त्याच जागी होतात, परवानग्या सोप्या जातात. उलट नाट्यगृहात आईबाबांना 'मुलगी नाटकात काम करते' याचं काहीतरी वाटतं आणि तिकीटही जरा वर नेता येतं. पहिलंच वर्ष असेल तर कॉलेजचा हॉल. दुसऱ्या वर्षापासून छोटं नाट्यगृह. पुण्यात ज्योत्स्ना भोळे सभागृहासारखी जागा अशा कार्यक्रमाला पुरते. बालगंधर्व रंगमंदिर घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण ९०० हून जास्त खुर्च्यांमध्ये अडीचशे माणसं बसली की रंगमंचावरून समोर काळोख आणि लाल रेक्झिन एवढंच दिसतं. कलाकारांचा धीर पहिल्या पाच मिनिटांत सुटतो.

भाडं विचारताना त्यात काय काय येतं ते लिहून घ्या: किती माइक, किती स्पॉट, एसी कधीपासून कधीपर्यंत, रंगीत तालमीला जागा मिळणार का, अनामत किती आणि ती परत कधी. सत्र संपल्यावर वरच्या प्रत्येक तासाला वेगळे पैसे लागतात. नेपथ्य उतरवायलाही वेळ लागतो हे कोणाच्याच डोक्यात नसतं.

कार्यक्रम किती वेळाचा असावा? त्यात काय काय घ्यावं?

मध्यंतर धरून सव्वादोन तास. अडीच झाले की आजीआजोबा घड्याळ बघायला लागतात.

आमचा बसलेला क्रम असा होता. सुरुवातीला पाच मिनिटांत नांदी किंवा गणेशवंदना, मग लगेच मोठा समूहनाच, मग एखादं स्किट, दोन गाणी, आणि मध्यंतराआधी कोणाची तरी मिमिक्री किंवा खुसखुशीत एकपात्री. मध्यंतरानंतर मात्र एकच गोष्ट, पूर्ण एकांकिका. ज्यासाठी पैसे मागितले ते लोकांना दिसलं पाहिजे. शेवटी पुन्हा नाच ठेवू नका. एकांकिकेचा शेवट पोटात घेऊन माणसं बाहेर पडू देत.

यात एक व्यवहारही आहे, उघडच सांगतो. एकपात्री करणाऱ्याच्या घरचे चार जण येतात. सोळा जणांच्या गोंधळाला किंवा कोळीनृत्याला सोळा घरं येतात. त्यामुळे एक तरी मॉबचा आयटम हवाच, आणि तो पहिल्या अर्ध्या तासात. पण हे डोक्यात ठेवून सगळाच कार्यक्रम समूहनाचांचा केलात तर तो गॅदरिंग होतो, मग लोक दीडशे रुपये देत नाहीत.

सगळ्यांनाच काम द्यावं लागतं का? निवड कशी करायची?

रंगमंचावर सगळ्यांना नाही, कामाला सगळ्यांना. निवड मंडळाच्या बाहेरच्या कोणीतरी करावी, एखादा जुना विद्यार्थी किंवा मराठीच्या मॅडम. अध्यक्षाच्या मित्राचं बँड ऐकायला लागलं की बाकीचे तिकिटं खपवायची थांबतात. हे कोणी तोंडावर बोलत नाही, तिकिटांच्या गठ्ठ्यावरून कळतं.

परवानग्या कोणकोणत्या लागतात?

इथे जरा थांबून वाचा.

पहिली कॉलेजची, लेखी. प्राचार्यांच्या सहीचं पत्र हातात असेल तर पुढची निम्मी दारं उघडतात.

दुसरी संहितेची. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. याला वेळ लागतो. स्पर्धेसाठी तुम्हाला ते काढावं लागणारच असतं, तर कार्यक्रमाच्या आधीच काढा. नाट्यगृहाचा मॅनेजर विचारतो.

तिसरी लेखकाची. लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. एकांकिका तुमच्याच कॉलेजातल्या मुलीने लिहिली असेल तर तिच्याकडूनही दोन ओळी लिहून घ्या. दुसऱ्याची असेल तर फोन करून, नंतर पत्र पाठवून परवानगी आणि मानधन ठरवा. बहुतेक लेखक विद्यार्थ्यांशी फार मायेने वागतात. न विचारता केलं आणि त्यांना पोस्टरवरून कळलं, तर मात्र वागत नाहीत, आणि का वागावं?

चौथी, स्थानिक पोलीस ठाण्याची. नाट्यगृहात असाल तर तिथले लोकच सांगतात काय लागतं. मैदानात किंवा कॉलेजच्या मोकळ्या पटांगणात असाल तर अर्ज आठ-पंधरा दिवस आधी द्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला आतल्या आवाजापुरती यातून सूट आहे. मैदानातला कार्यक्रम साडेसहाला सुरू करा म्हणजे दहाच्या आत गाशा गुंडाळता येतो. जवळ हॉस्पिटल असेल तर शंभर मीटरच्या शांतता क्षेत्राचाही विचार करावा लागेल.

सिनेमातल्या गाण्यांवर नाचलं तर चालतं ना? सगळेच नाचतात.

सगळे नाचतात आणि बहुतेकदा कोणी विचारत नाही, हे खरं. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या ५२ व्या कलमात शाळा-कॉलेजला सवलत आहे. ती संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी जोडलेल्या लोकांसमोर होणाऱ्या कार्यक्रमाला. हौशी मंडळालाही सवलत आहे, पण प्रेक्षक फुकट असतील तर. तुम्ही तिकीट लावून बाहेरच्या लोकांना बोलावलंत की या दोन्ही छत्र्यांखालून बाहेर आलात. मग ध्वनिमुद्रित गाण्यांसाठी पीपीएल आणि गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस अशा संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो.

यावरचा आमचा उपाय साधा होता: जिवंत संगीत आणि पारंपरिक रचना. गोंधळ, भारूड, ओव्या, पोवाड्याची स्वतः लिहिलेली कवनं. ढोलकी, संबळ, पेटी वाजवणारी मुलं प्रत्येक कॉलेजात सापडतात, फक्त कोणी विचारलेलं नसतं. परवान्याचे पैसे वाचले आणि कार्यक्रमाला स्वतःचा चेहरा आला. ऐन नाचात ट्रॅक अडकण्याचं भयही गेलं.

'तिकीट' म्हणायचं की 'देणगी प्रवेशिका'?

'देणगी प्रवेशिका' हा शब्द कानाला बरा वाटतो, म्हणून सगळे तोच छापतात. शब्द बदलल्याने कायद्याच्या दृष्टीने पैसे घेतलेले बदलत नाहीत. नाटक-नृत्य-संगीताच्या माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यामुळे त्यासाठी आडवळण घ्यायची गरजही नाही. कार्यक्रम पूरग्रस्तांसाठी किंवा एखाद्याच्या उपचारासाठी असेल तर गोष्ट वेगळी. नोंदणी नसलेल्या गटाने समाजकार्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क खाली घेतात तीच. त्यापेक्षा एखाद्या नोंदणीकृत संस्थेबरोबर कार्यक्रम करा आणि पावत्या तिच्याच फाडा. ज्यांना ८०जीची करसवलत हवी त्यांनी दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नये, हे आधीच सांगा.

छापताना प्रत्येक तिकिटावर क्रमांक आणि स्थळप्रत (फाडल्यावर आपल्याकडे राहणारा भाग) हवीच. पोरांना वाटतं क्यूआर कोडच्या जमान्यात स्थळप्रत कशाला? कारण मावशी रोख देते.

दर किती ठेवावा?

एकच दर. फार तर दोन. पुढच्या रांगा महाग केल्या की त्या रिकाम्या राहतात आणि नट रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बोलतात. विद्यार्थ्यांना निम्म्या दरात द्या. ते मागे बसून शिट्ट्या वाजवतात आणि सभागृहाला जाग आणतात.

सन्मानिका किती द्यायच्या?

वीसच्या वर एकही नको. प्राध्यापकांना फुकट देऊ नका, विका. ते घेतात, आणि घेतल्यावर येतातही. फुकट दिलेला पास घरी फ्रिजवर राहतो.

तिकिटं खपतच नाहीयेत. काय करावं?

बहुधा तुम्ही इन्स्टाग्रामवर पोस्टर टाकून वाट पाहत आहात. तिकीट हातात घेऊन माणसासमोर उभं राहिल्याशिवाय खपत नाही. प्रत्येकाला दहाचा गठ्ठा द्या, वहीत सही घ्या, आणि दर सोमवारी हिशेब घ्या: किती गेली, किती पैसे जमा, किती परत. परत करायला लाज वाटू नये असं वातावरण ठेवा. नाहीतर आदल्या दिवशी चाळीस तिकिटं दप्तरातून बाहेर येतात आणि तोवर दुसरं कोणी मागून मागून थकलेलं असतं.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आईला टाकायला सांगा. आपण टाकलं तर 'छान' आणि अंगठा येतो, आईने टाकलं तर तिकिटं जातात. जुन्या विद्यार्थ्यांना एकेकट्याला फोन करा. पुण्याबाहेर असलेले येऊ शकत नाहीत, पण "माझ्याकडून चार तिकिटं होस्टेलच्या मुलांना द्या" असं म्हणणारे दरवर्षी निघतात.

जाहिराती कशा मागायच्या? दुकानदार उभं करत नाहीत.

दुपारी दोन ते चार. पुण्यात असाल तर चारनंतर, कारण ठाऊकच आहे. दोघांनी जा, चौघांनी नाही. हातात मागच्या वर्षीची स्मरणिका किंवा निदान एक पान टाइप केलेलं पत्र असू द्या.

"काका, आम्ही अमुक कॉलेजच्या नाट्यमंडळाची मुलं. जानेवारीत कार्यक्रम आहे, अडीचशे लोक येतात, सगळे याच भागातले. अर्ध्या पानाची जाहिरात पंधराशे. कार्यक्रमाची दोन तिकिटं त्यातच." एवढंच बोला आणि थांबा. 'स्पॉन्सर' हा शब्द काढू नका. त्याने समोरच्याला पाच आकडी रक्कम दिसते. काकांनी "परवा या" म्हटलं तर परवाच जा. तिसऱ्या खेपेला बहुतेक देतात, चिकाटीवर खूश होऊन किंवा कंटाळून.

कोणाकडे जायचं? कॉलेजसमोरचं झेरॉक्स आणि वह्यांचं दुकान, मेस, अमृततुल्य, क्लासवाले, कपडे भाड्याने देणारे, ज्यांच्याकडे तुमचे पैसे वर्षभर जातात ते सगळे. मोठ्या शोरूमला पत्र पाठवून महिना घालवू नका, तिथला मॅनेजर "वर विचारतो" म्हणतो आणि ते वर कुठे असतं ते कळत नाही.

स्मरणिका आठ पानांची पुरे. कलाकारांची नावं अचूक छापा. जाहिरातीपेक्षा तेच जपून ठेवलं जातं.

पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे?

कॉलेजच्या. किंवा नाट्यमंडळाचं कॉलेजच्या परवानगीने उघडलेलं, दोन सह्यांचं खातं असेल तर त्यात. कोणाच्याही स्वतःच्या यूपीआयवर नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही नेमकं तेच केलं. खजिनदार म्हणून माझाच क्यूआर पोस्टरवर गेला. महिनाभरात तिकिटांचे पैसे, माझे मेसचे पैसे, घरून आलेले पैसे आणि रूममेटने परत केलेली उसनवारी एकाच खात्यात कालवली गेली. शेवटी अकराशे रुपयांचा मेळ लागेना. कोणी माझ्यावर संशय घेतला नाही, पण हिशेबाच्या बैठकीत जी शांतता झाली ती पुरेशी होती. मी खिशातून भरले. चार महिन्यांनी सापडलं: एका मुलाने दोनदा पाठवलेले पैसे मी त्याला परत केले होते आणि लिहायचं विसरलो होतो.

तेव्हापासूनचा नियम असा. पैसे घेणारा एक, लिहिणारा दुसरा. रोख रक्कम त्याच संध्याकाळी मोजून दोघांच्या सह्या. पन्नास रुपयांच्या सेलोटेपचंही बिल. बिल मिळालं नाही तर कोऱ्या कागदावर तारीख, रक्कम, कशाला, कोणी. कॉलेजच्या खात्यातून पैसे बाहेर काढायला वेळ लागतो, हे खरं दुखणं आहे. म्हणून अनामत रकमेची मागणी महिनाभर आधी अकाउंट्स विभागात द्या आणि तिथल्या मॅडमशी नीट बोला.

प्रमुख पाहुणे हवेतच का?

नकोत. फार तर एक, आणि त्यांनी भाषण मध्यंतरानंतर पाच मिनिटं करायचं हे पत्रातच लिहा. दीपप्रज्वलनाची समई, तेल, वात आणि *काडेपेटी* ही यादीत हवी. काडेपेटी कायम विसरते.

रंगीत तालीम किती दिवस आधी?

दोन दिवस. आदल्या दिवशी केली तर चुका सुधारायला वेळ राहत नाही, फक्त भांडायला राहतो. पूर्ण कपड्यांत, घड्याळ लावून, आयटम बदलतानाच्या वेळेसह. कार्यक्रम लांबतो तो आयटममुळे नाही, दोन आयटममधल्या तीन-तीन मिनिटांच्या रिकाम्या रंगमंचामुळे. निवेदकाला त्या भोकांचा हिशेब द्या. आणि निवेदकाला सांगा की 'टाळ्या झाल्या पाहिजेत' हे वाक्य रात्रभरात एकदाही म्हणायचं नाही.

कार्यक्रमाच्या रात्री कोणी कुठे उभं राहायचं?

दारावर दोघं, तिकीट फाडणारे, ओळखीच्यांनाही फाडल्याशिवाय न सोडणारे. हे काम भिडस्त मुलाला देऊ नका. खिडकीवर दोघं, सुट्ट्या पैशांसह. विंगेत दोन्ही बाजूंना एकेक, हातात क्रमाचा कागद. ध्वनी-प्रकाशवाल्या काकांच्या शेजारी संहिता पाठ असलेला एक जण पूर्ण वेळ. काकांना चहा वेळेवर मिळेल ही जबाबदारीही त्याचीच. मेकअपरूमच्या दारात एक खमकी मुलगी, कारण मध्यंतरात सगळे काका-मामा कौतुक करायला आत घुसतात.

ट्रॅक असतीलच तर दोन पेन ड्राइव्हवर. माइकचे सेल नवे. तिसरी घंटा जाहीर केलेल्या वेळेलाच. पहिल्या वर्षी थोडं थांबलात तर दुसऱ्या वर्षी लोक थोडे उशिराच येतात.

वडे-चहा आपणच विकावेत का?

नाट्यगृहात कँटीन बहुतेकदा ठेक्याने दिलेलं असतं, मग तिथे बाहेरचं विकता येत नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये जरूर विका. घरून आयांनी करून आणलेला उपमा वगैरे भावनिक बेत नको. ओळखीच्या वडेवाल्याला दीडशे सांगा, मध्यंतराच्या दहा मिनिटं आधी गरम आणायला लावा. मराठी प्रेक्षकाला मध्यंतरात वडा मिळाला नाही तर एकांकिका कितीही चांगली असली तरी कुठेतरी कमी पडते.

आगीबिगीची एवढी काळजी करायची का?

करायची. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी उभारलेलं, एका रात्रीत जळालं. पडदे, लाकूड, जुनं वायरिंग हे सगळं प्रत्येक रंगमंचावर असतं. बाहेर जायच्या दारांना कड्या नाहीत ना, जिन्यात खुर्च्या रचल्या नाहीत ना, अग्निशमन नळकांडं कुठे आहे, हे दुपारीच फिरून बघा. दीपप्रज्वलनाची समई सोडली तर रंगमंचावर खरी ज्योत, अनार, धुराच्या कांड्या काही नको. जनरेटर बाहेर उघड्यावर.

मुलींना घरी जायला उशीर होतो. पालक नाही म्हणतात.

बरोबरच आहे त्यांचं. कोण कोणाबरोबर जाणार याची यादी तालमीच्या पहिल्या दिवसापासून करा, कार्यक्रमाच्या रात्रीपुरती नाही. होस्टेलच्या मुलींसाठी रेक्टरचं परवानगीपत्र आठवडाभर आधी. नेपथ्य उतरवायला लांब राहणाऱ्यांना थांबवू नका, मग त्या कितीही "थांबते रे" म्हणोत.

नुकसान झालं तर कोणी भरायचं?

हे पहिल्या बैठकीत ठरवा, शेवटच्या नाही. आम्ही तिसऱ्या वर्षी एक रेघ आखली होती: कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधीपर्यंत जाहिराती आणि तिकिटं मिळून निम्मा खर्च जमला नाही तर नाट्यगृह सोडायचं आणि कॉलेजच्या हॉलमध्ये करायचं. अनामतीतले थोडे गेले असते. तशी वेळ आली नाही, पण त्या रेघेमुळे तिसऱ्या आठवड्यात जी धावाधाव झाली ती एरवी झाली नसती.

हिशेब कधी द्यायचा, आणि कोणाला?

आठ दिवसांत, सगळ्यांना. एका कागदावर जमा-खर्च, सूचना फलकावर आणि ग्रुपवर. जाहिरात देणाऱ्या प्रत्येकाला स्मरणिकेची प्रत आणि तो कागद स्वतः नेऊन द्या. पुढच्या वर्षी त्याच दुकानात तुमच्या ज्युनिअरला स्टूल मिळतं.

उरलेल्या तिकिटांचं काय करायचं?

फेकू नका. क्रमाने लावून, आडवी रेघ मारून, स्थळप्रतींबरोबर हिशेबाच्या फाइलीत ठेवा. आमच्या पहिल्या वर्षीच्या त्या एक्क्याण्णव तिकिटांचा गठ्ठा अजून मंडळाच्या कपाटात आहे. नवीन खजिनदाराला पहिल्या दिवशी तो हातात देतात.